चिठ्ठी, गोळी आणि गणित

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात त्या घरांत औषधांच्या फळीला देव्हाऱ्याइतकीच ठरलेली जागा असते. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, आजींच्या मधुमेहाच्या, मधल्या काकूंच्या थायरॉइडच्या, नातवंडांचें खोकल्याचें पातळ औषध, आणि कोणाची हें कोणासच न आठवणारी एक अर्धी पट्टी, अशी ती मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे. ही सर्व सामग्री एका लहानशा कागदाच्या आधारें घरांत येते. डॉक्टर चिठ्ठी लिहितात. घरांतील कोणी तरी ती दुकानांत नेतो, हल्लीं तर भ्रमणध्वनीवरून तिचें छायाचित्रच पाठवितो. दुकानांतील माणूस ती वाचतो, फळीवरून पट्ट्या काढतो, दहा गोळ्यांची पट्टी कात्रीनें सहांची करतो व पिशवींत घालतो. आणि रात्रीं जेवणानंतर आजी ती गोळी पाण्याबरोबर निःशंकपणें गिळतात. चार-पांच माणसांच्या हातांतून व डोळ्यांखालून गेलेल्या वस्तूवर टाकलेला तो विश्वास असतो.

ह्या विश्वासास क्वचित् तडा जातो. एकाच्या जागीं दुसरें औषध येतें, किंवा औषध तेंच पण मात्रा निराळी येते. असें झालें म्हणजे दुकानांत काय किंवा घरांत काय, पहिला प्रश्न एकच उठतो: "हें केलें कोणीं?" माणूस सांपडला, त्यास चार शब्द सुनावले, कीं प्रकरण मिटल्याचें समाधान सर्वांस लाभतें. आम्हांस ह्या लेखांत सुचवावयाचें आहे तें इतकेंच कीं, "कोणीं केलें" ह्या प्रश्नाच्या अगोदर "असें किती वेळां होतें आणि कोणत्या ठिकाणीं होतें" हा प्रश्न विचारावा. पहिला प्रश्न न्यायाधीशाचा आहे, दुसरा संख्याशास्त्राचा आहे. आणि औषध देण्यांतील चुका ज्यांनीं खरोखर कमी करून दाखविल्या, त्यांनीं दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ केला आहे.

प्रथम ह्या चुकांचें स्वरूप पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत न जाणतां दिलेल्या औषधास विष, शस्त्र, अग्नि व वीज ह्यांच्या पंक्तीस बसविलें आहे, आणि जाणून दिलेल्यास अमृताची उपमा दिली आहे. त्या काळीं वनस्पति ओळखण्यांत चूक होण्याचें भय असे. आज तें भय अक्षरें व अंक ओळखण्यांत आहे. डॉक्टरांनीं १.० मिलिग्रॅम लिहिलें आणि टिंब नीट उमटलें नाहीं, तर वाचणारा १० वाचतो. त्यांनीं नुसतें .५ लिहिलें आणि टिंब पुसट झालें, तर तो ५ वाचतो. दोन्ही वेळां मात्रा दसपट होते. ज्या देशांत दशमान स्थानपद्धति जन्मली, त्या देशांतील मुलांस एका टिंबाचें सामर्थ्य समजावून सांगण्याची गरज नसावी. पण घाईंत लिहिणारी लेखणी व घाईंत वाचणारा डोळा ह्यांस त्याचें विस्मरण होतें. म्हणूनच पूर्णांकापुढें टिंब व शून्य लिहूं नये, आणि एकाहून लहान अपूर्णांकाच्या टिंबाआधीं शून्य लिहिल्यावांचून राहूं नये, असा नियम रुग्णांच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्यांनीं घालून दिला आहे.

दुसरी चूक वेळेची. आमवाताच्या रोग्यांस मेथोट्रेक्झेट नांवाचें औषध देतात, तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें भ्रमानें दररोज दिलें किंवा घेतलें गेल्यामुळें अस्थिमज्जेवर घातक परिणाम होऊन रोगी दगावल्याचीं उदाहरणें अनेक देशांत नोंदलीं गेलीं आहेत. त्यांतून त्याच रोग्यास बहुधा फॉलिक ॲसिडचीही गोळी असते. दोन्ही गोळ्या लहान आणि कित्येकदां दोन्ही पिवळ्या. येथें वाचणारा मूर्ख किंवा आळशी असण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. थकलेला डोळा आणि सारखा दिसणारा रंग एवढें साहित्य अनर्थास पुरतें.

आतां असें किती वेळां होतें? ह्या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देतां येत नाहीं, मोजावेंच लागतें. अमेरिकेंतील ऑबर्न विद्यापीठाच्या केनेथ बार्कर व एलिझाबेथ फ्लिन ह्या संशोधकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह तेथील सहा शहरांतील ५० औषधालयांत प्रत्यक्ष उभें राहून, तयार झालेलें प्रत्येक औषध चिठ्ठीशीं ताडून पाहिलें. एक औषध ही एक नोंद धरून अशा ४,४८१ नोंदी त्यांनीं तपासल्या. त्यांत ७७ चुका सांपडल्या. हा अहवाल २००३ सालीं प्रसिद्ध झाला. अचूकपणा शेंकडा ९८.३ भरला.

शाळेंत शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याची आम्ही पाठ थोपटतों, आणि तें योग्यच आहे. परंतु गुण आणि गोळ्या ह्यांचा हिशेब सारखा नाहीं. शाळेची परीक्षा वर्षांतून एकदां होते. दुकानाची परीक्षा सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असते. दिवसाला अशीं २५० औषधें देणाऱ्या दुकानांत शेंकडा ९८.३ अचूकपणा म्हणजे दररोज सुमारें चार चुका. त्या ७७ पैकीं खरोखर अपाय करूं शकतील अशा पांच होत्या. म्हणजे सुमारें नऊशें औषधांमागें एक. बाकीच्या चुका लेबलावरील अपुऱ्या सूचनेसारख्या, बहुधा पचून जाणाऱ्या.

हीच त्रैराशिकाची रीत आपल्या घरास लावून पाहावी. एकत्र कुटुंबांत महिन्यास बारा औषधें येत असलीं तर वर्षांत १४४ झालीं. अमेरिकेंतील प्रमाण आपल्या गल्लींतील दुकानास जसेंच्या तसें लागू करणें हें गणिताच्या नांवाखालीं अंदाज करणें होईल. पण केवळ कल्पना यावी म्हणून तें धरलें, तर वर्षांत दोन-अडीच चुका घरांत येतील असें निघतें. त्यांतली एकही आपल्या लक्षांत येत नसेल, तर ती झालीच नाहीं असें समजण्यापूर्वीं आपण पाहिलें होतें काय, हें स्वतःस विचारावें.

कारण न पाहिलेली चूक आपण होऊन पुढें येत नाहीं. ह्याचाही पुरावा आहे, पण तो दुकानांतील नसून रुग्णालयांतील आहे. ह्याच संशोधकांच्या २००२ सालच्या एका पाहणींत ३६ रुग्णालयें व शुश्रूषागृहें ह्यांमध्यें रोग्यांस दिलेल्या २,५५६ मात्रा तपासल्या होत्या. त्यांत ४५७ चुका खऱ्या ठरल्या. त्यांपैकीं शेजारीं उभें राहून पाहणाऱ्यांस ३०० सांपडल्या, कागदपत्रें चाळणाऱ्यांस १७ सांपडल्या, आणि कर्मचाऱ्यांनीं आपण होऊन लिहून दिलेल्या अहवालांत सांपडलेल्या चुकांची संख्या होती १! कोणी म्हणेल, माणसें लबाड आहेत. आमच्या मतें त्याहून साधें कारण आधीं पाहावें. ज्याच्या हातून चूक झाली त्यास ती झाल्याचें बहुधा ठाऊकच नसतें. ठाऊक असतें तर त्यानें ती केली नसती. आणि ज्यास ठाऊक होतें तो, सांगितल्यास नोकरी जाईल ह्या धाकानें मुकाट राहतो. म्हणजे जेथें चुकीचा अहवाल नाहीं तेथें चूक नाहीं असें नव्हे. ज्या दुकानांत शिक्षा कडक, तेथील वही कोरी राहण्याचाच संभव अधिक, आणि त्या कोऱ्या वहीकडे पाहून मालक निश्चिंत होतो.

आमच्या गांवांतील एका दुकानांत कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें नऊ वर्षें इमानें काम केलेल्या एका तरुणाकडून, आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंस थायरॉइडच्या २५ मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांऐवजीं १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची बाटली दिली गेली. तीन-चार आठवड्यांत बाईंची झोंप उडाली, छाती धडधडूं लागली, हातांस कंप सुटला. घरच्यांस वाटलें, वयोमानच तें. मुंबईहून सुटींत आलेल्या नातीनें सहज बाटली उलटून वाचली म्हणून उलगडा झाला, आणि वेळीं उपचार होऊन बाई बऱ्या झाल्या. मालकांनीं त्याच दिवशीं त्या तरुणास कामावरून काढलें. "मास्तर, आतां काळजी सोडा; दोष होता तो गेला," असें त्यांनीं आम्हांस मोठ्या समाधानानें सांगितलें. चार महिन्यांनीं नव्या माणसाच्या हातून नेमकी तशीच बाटली दुसऱ्या एका घरीं गेली. दोन्ही बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, एकाच फळीवर शेजारीं शेजारीं, आणि ती फळी जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत! हें ऐकून मालकांच्या मातोश्री त्यांस म्हणाल्या, "अरे, मिठाची आणि पिठीसाखरेची बरणी मी कधीं एका फळीवर ठेवलेली पाहिलीस का?" दुसऱ्या दिवशीं बाटल्या दोन निराळ्या फळ्यांवर गेल्या. त्या पहिल्या तरुणास मात्र त्याची जागा परत मिळाली नाहीं. त्याच्या पाठीमागें घरीं म्हातारे आईबाप होते.

एका दुकानांतील दोन चुकांवरून सिद्धांत बांधतां येत नाहीं, हें संख्याशास्त्रच आपणांस शिकवितें. म्हणून ह्या गोष्टीपलीकडे जाऊन, माणसास रागें भरल्यानें चुका कमी होतात हा समज इतका दृढ कां झाला, हें पाहूं.

शिक्षकवर्गांत एक फार जुनी समजूत आहे. ज्या मुलाच्या शुद्धलेखनांत एके दिवशीं वीस चुका झाल्या त्यास छडी दिली, तर दुसऱ्या दिवशीं त्याच्या चुका बाराच होतात. आणि ज्याचें लेखन निर्दोष उतरलें त्याची स्तुति केली, तर दुसऱ्या दिवशीं तो दोन-चार चुका करतो. तस्मात् छडी सुधारते आणि स्तुति बिघडविते! परंतु ज्या मुलाच्या सरासरीनें बारा चुका होतात, त्याच्या हातून एखादे दिवशीं वीस होणें हा त्या दिवसाचा योग असतो. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां आपल्या बारांकडे येतो, छडी दिली तरी येतो आणि न दिली तरी येतो. निर्दोष लिहिणाऱ्याचेंही तसेंच. हें मध्याकडे परतणें फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज पंडितानें १८८६ सालीं आईबापांच्या व मुलांच्या उंचीच्या मोजमापांवरून स्पष्ट करून दाखविलें. औषधाच्या दुकानांतही हेंच होतें. चुका फार झाल्या त्या आठवड्यांत मालक गर्जतात, पुढच्या आठवड्यांत चुका आपोआप सरासरीवर येतात, आणि गर्जनेस यश आल्याचा भास होतो.

हीच गोष्ट एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आपल्या व्याख्यानांत एका खेळानें पटवीत असत. एका पेटींत ३,२०० पांढरे व ८०० तांबडे मणी मिसळलेले. श्रोत्यांतून सहा कामगार निवडावयाचे. प्रत्येकानें ५० खळगे असलेली फळी त्या पेटींत बुडवून वर काढावयाची, आणि ताकीद अशी कीं तांबडा मणी येतां कामा नये. पेटींत पांचांत एक मणी तांबडा. तेव्हां प्रत्येकाच्या फळींत सरासरीनें दहा तांबडे येणारच. पण कोणास पांच येत, कोणास पंधरा. पांचवाल्याचें डेमिंग भरसभेंत कौतुक करीत, पंधरावाल्यास दम भरीत, शेवटीं कांहींना कामावरून काढीत. श्रोते हंसत, आणि मग त्यांच्या ध्यानांत येई कीं, आपापल्या कचेरींत व कारखान्यांत आपण हेंच करीत असतों. तांबडे मणी कामगारानें घातलेले नव्हते. ते कमी व्हावयाचे तर पेटींतील मणी बदलले पाहिजेत, आणि पेटी मालकाच्या ताब्यांत असते.

मग सर्वच चुका पेटीच्या मानावयाच्या काय? नाहीं. आणि येथेंच संख्याशास्त्राची खरी मदत आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक ह्या टेलिफोनचीं यंत्रें बनविणाऱ्या अमेरिकन कंपनींत वॉल्टर शूहार्ट नांवाचे गृहस्थ होते. त्यांनीं १६ मे १९२४ रोजीं आपल्या वरिष्ठांस एका पानाचें टिपण पाठविलें आणि त्यांत एक साधी आकृति काढून दाखविली. कोणत्याही कामांत दोष रोज थोडे वर-खालीं होतात. त्यांतील कांहीं वर-खालीं होणें त्या कामाच्या घडणींतच मुरलेलें असतें, आणि कांहीं बाहेरून आलेल्या एखाद्या विशेष कारणानें घडतें. ह्या दोहोंमधील सीमा अंदाजानें नव्हे तर गणितानें आंखतां येते, हें त्यांचें सांगणें. हेच शूहार्ट पुढें १९४७-४८ मध्यें प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्या निमंत्रणावरून भारतांत येऊन गेले. तेव्हां ही विद्या आपल्या देशांत आज नव्यानें आलेली नाहीं.

ती सीमा आंखण्याची रीत मॅट्रिकपर्यंतच्या गणितांत बसते. समजा, एका दुकानांत औषध पिशवींत जाण्यापूर्वीं दुसरा माणूस तें ताडून पाहतो आणि सांपडलेली प्रत्येक चूक वहींत टिपतो. नांव न लिहितां, फक्त वेळ, औषध व चुकीचा प्रकार. महिन्याभराची सरासरी दिवसाला चार आली. चारांचें वर्गमूळ दोन. दोनाची तिप्पट सहा. चारांत सहा मिळविले कीं वरची सीमा दहा. चारांतून सहा जात नाहींत म्हणून खालची सीमा शून्य. दररोजच्या गिऱ्हाइकीचें मान साधारण सारखें असेल, तर एके दिवशीं एक चूक आणि दुसऱ्या दिवशीं सात, ह्यांत विचारपूस करण्यासारखें कांहीं नाहीं. ते एकाच पेटींतले मणी आहेत. पण एखादे दिवशीं बारा चुका झाल्या, तर त्या दिवशीं अवश्य चौकशी करावी: वीज गेली होती काय, नवा माणूस आला होता काय, कोणी आजारी असतां कामावर उभा राहिला होता काय? उलट, एखादी सुधारणा केल्यावर सलग आठ दिवस आकडा चारांच्या खालींच राहिला, तर त्या सुधारणेचा गुण आला असें मानण्यास आधार मिळतो. सलग आठ वेळां नाणें छापाच्याच बाजूनें पडावें हा योग २५६ खेपांत एकदांच येणारा आहे, त्यासारखाच हा हिशेब.

सुधारणा करावयाची म्हणजे पेटींतील तांबडे मणी काढावयाचे, तें कसें? त्याचीं दोन उदाहरणें देतों. अमेरिकेंतील एका लष्करी औषधालयांत बार्कर व त्यांचे सहकारी ह्यांनीं फक्त कामाच्या मेजावरील उजेड वाढविला. माणसें तींच, औषधें त्याच प्रकारचीं, चिठ्ठ्यांची गर्दीही तशीच. उजेड मात्र पूर्वींच्या सुमारें तिप्पट. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणें चुकांचें प्रमाण शेंकडा ३.८ वरून २.६ वर आलें. जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या फळीची आठवण आम्हांस येथें झाल्यावांचून राहत नाहीं. एका दिव्याच्या खर्चांत जें साधलें असतें, त्यासाठीं एका माणसाची उपजीविका खर्ची पडली.

दुसरें उदाहरण बोस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधशाळेचें. तेथें सात महिन्यांत साहाय्यकांनीं भरलेल्या १,४०,७५५ मात्रा तपासल्या, तेव्हां शेंकडा ३.६ मध्यें चूक आढळली. त्यानंतर औषधतज्ज्ञांची नेहमींची तपासणी होत असे. तिनें शंभरांपैकीं ७९ चुका पकडल्या. उरलेल्या एकवीस, म्हणजे एकूण मात्रांच्या शेंकडा ०.७५, बाहेर पडणाऱ्या ठरल्या. आकडा लहान दिसतो. पण गुणाकार केला तर त्या सात महिन्यांत त्या एक हजारांहून अधिक झाल्या. पुढें ह्याच रुग्णालयांत औषधाच्या वेष्टणावरील रेघांची खूण, ज्यास बारकोड म्हणतात, ती यंत्रानें वाचण्याची पद्धति सुरू झाली. २००६ सालच्या अहवालांत दिसून आलें कीं, जेथें प्रत्येक मात्रेवरील खूण वाचण्याचा दंडक होता, तेथें ज्या चुकांसाठीं ही योजना केली होती त्या शेंकडा ९३ ते ९६ नीं घटल्या. आणि जेथें गठ्ठ्यांतील एकच वाचून बाकीच्या तशाच पुढें जात, तेथें त्या शेंकडा ६० नींच घटल्या. यंत्र दोन्हीकडे तेंच होतें. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण स्वयंपाकघरांत खरी आहे. पण तें भाताचें भांडें एकाच चुलीवर शिजलेलें असतें. औषधांच्या गठ्ठ्यांत चुकून शिरलेलें एक निराळें शीत त्या परीक्षेनें हातीं लागत नाहीं.

ह्यांतच दुहेरी तपासणीविषयीं एक धडा आहे. दोन माणसांनीं पाहिलें म्हणजे चूक राहणार नाहीं, असें आपण धरून चालतों. दोघे खरोखर स्वतंत्रपणें पाहतील तर तें बरेंच खरें ठरेल. पण पहिल्यानें काढलेली पट्टी हातांत घेऊन मग दुसरा चिठ्ठी वाचूं लागला, तर त्याच्या डोळ्यांस चिठ्ठींत तेंच नांव दिसूं लागतें. दुसऱ्यानें आधीं चिठ्ठी वाचावी, काय निघावयास हवें तें मनाशीं ठरवावें, आणि मग पट्टी पाहावी.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारणीय आहे. असें केल्यानें सर्वच दोष फळीवर, दिव्यावर आणि नशिबावर जाऊन माणूस मोकळा सुटणार नाहीं काय? ज्या घरांतील आजी गेली, त्या घरास "ही सरासरींतलीच चूक होती" हें उत्तर कोण देणार? आम्ही म्हणतों, कोणीही देऊं नये. सरासरी हें दुःखाचें उत्तर नव्हे. चिठ्ठी न पाहतां औषध देणारा, धुंदींत काम करणारा, चूक कळूनही झांकणारा, ह्यांस शासन झालेंच पाहिजे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचें काम १९४८ च्या फार्मसी कायद्यानें नोंदणी झालेल्या फार्मासिस्टाकडे सोंपविलें आहे. त्याच्या परवान्याखालीं भलत्यानेंच गल्ल्यावर उभें राहणें ही चूक नसून अपराध आहे. संख्याशास्त्र जबाबदारी नाहींशी करीत नाहीं. ती योग्य खांद्यावर ठेवतें. फळी कोठें असावी, दिवा किती प्रकाशाचा असावा, एका माणसानें किती तास उभें राहावें, हें नोकराच्या हातीं नसतें. चुलीची आंच कोणी तरी वाढवून ठेवावी आणि दूध उतूं गेलें म्हणजे धाकट्या सुनेनें बोलणीं खावीं, हा न्याय आपल्या घरांत पुष्कळ पिढ्या चालला. त्यानें दूध उतूं जाणें कमी झालें, असें कोणी सांगितलेलें नाहीं.

राहतां राहिलें आपलें घर. दुकानांतील व्यवस्था आपल्या हातीं नाहीं. पण चिठ्ठीच्या प्रवासाचें पहिलें आणि शेवटचें टोंक आपल्याच हातांत आहे. औषधाचें मूळ नांव सुवाच्य आणि शक्यतों कॅपिटल अक्षरांत लिहावें, असें तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं आपल्या नियमांत घातलें. तेव्हां डॉक्टरांस नम्रपणें तशी विनंति करण्यांत संकोच नको. औषध कशासाठीं आहे तो एक शब्द चिठ्ठीवर त्यांच्याकडून लिहवून घ्यावा. "रक्तदाबासाठीं" असें लिहिलेलें असलें म्हणजे मधुमेहाची पट्टी हातांत आलेला दुकानदार आपण होऊन थबकतो. पिशवी गल्ल्यावरच उघडावी आणि नांव व मात्रा चिठ्ठीशीं ताडावी. नेहमींच्या गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला तर विचारल्यावांचून घरीं नेऊं नये. पट्टी कापून देतांना ज्या तुकड्यावर औषधाचें नांव व मुदत छापलेली असते, तो तुकडा आपणांस मिळावा असा आग्रह धरावा. आठवड्यांतून एकदां घ्यावयाची गोळी रोजच्या गोळ्यांच्या डब्यांत कदापि ठेवूं नये, आणि तिचा वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आणि एक वही घालावी. तींत महिन्यास किती औषधें आलीं हें लिहावें, आणि चिठ्ठीहून कांहीं निराळें आढळलें तर काय, कोणतें व कोठें लक्षांत आलें तेंही लिहावें. घरांत झालेल्या चुकाही तींत याव्या: सकाळची गोळी रात्रीं दिली गेली, एकाच्या पट्टींतली दुसऱ्यास गेली, इत्यादि. लिहितांना "कोणीं" हा रकाना ठेवूं नये. तो ठेवला कीं बाकीचे रकाने रिकामे राहूं लागतील. नुसत्या चुका टिपून भागत नाहीं, एकूण औषधांची संख्याही हवी. भाजक नसलेला आकडा भीति घालतो किंवा झोंप आणतो, ज्ञान देत नाहीं.

ही वही घरांतील एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपवावी, असें आम्ही सुचवितों. शेंकडेवारीचीं उदाहरणें त्यांस पुस्तकांत कंटाळवाणीं वाटतात. आजीच्या गोळ्यांचीं वाटणार नाहींत. वर्षाअखेर हिशेब झाल्यावर तो घेऊन आपल्या नेहमींच्या दुकानदाराकडे जावें, पण गिऱ्हाइकीची वेळ टाळून, आणि तक्रार म्हणून नव्हे. "अहो, वर्षांत एकशें चाळीस औषधें नेलीं, त्यांत तीन वेळां फरक आढळला, दोन वेळां ह्याच दोन नांवांत. फळी बदलून पाहाल का?" असें विचारावें. ह्या प्रश्नानें दुकानदार दुखावणार नाहीं, त्याच्या हाताखालचा मुलगा घाबरणार नाहीं, आणि ती फळी बदलण्याचा संभव बराच आहे.

ज्या वाचकभगिनी अशी वही घालतील त्यांनीं सहा महिन्यांनीं तिचे आकडे ह्या सदराकडे अवश्य पाठवावे. दुकानाचें, डॉक्टरांचें व आपलें नांव लिहूं नये. केवळ आकडे व चुकीचा प्रकार पुरे. पुरेसे जमले तर ते एकत्र करून त्यांत कोणतीं नांवें व कोणत्या वेळा पुन्हां पुन्हां येतात, हें आम्ही येथें मांडूं.